गिरधर सर आणि रिंकीचं स्लो-मोशन

कुलूप सरांनी फोडलं. दगड मी दिला.

गिरधर सरांना जाऊन आज वर्ष झालं. फोटो टाकून चार ओळी लिहायच्या असं ठरवलं होतं. पण आज जे झालं ते माझ्या पोटात राहायचं नाही, म्हणून सगळंच लिहिते.

सर धानोऱ्याचे, अहिराणी बोलणारे. आयुष्यभर विज्ञान शिकवून रिटायर झालेले, तेही फक्त कागदावर.
दर बुधवारी एसटी, मग जीप, असं करत मोलगीच्या पुढे आमच्या आश्रमशाळेत यायचे. कुणी बोलावलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, टॅब कोठे शेतस?"
"कपाटात, सर."
किल्ली हेडसरांकडे, हेडसर मीटिंगला.

दहा नवेकोरे टॅब होते आमच्याकडे. दसऱ्याला बाहेर काढायचे, हळदकुंकू वाहायचं, परत आत. कुणी तपासणीला आलं की दाखवायचे.
"मुलांनी फोडले तर जबाबदारी कोणाची?" हे माझंच वाक्य.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "पोरं शिकतीन का कपाट शिकी?"

मग दगड.

त्यांचा नियम विचित्र होता. टॅब ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं नाही. ज्याला बोलायचंय, त्यानं टॅबला हात लावायचा नाही.
आणि टॅब द्यायचा तो वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलाला.

मला हसूच आलं. माझ्या वर्गात सगळ्यात गप्प म्हणजे रिंकी.
सातवीतली, नर्मदेकाठच्या गावची, जिथं बोटीनंच जावं लागतं. घरी पावरी बोलणारी, आणि शाळेतल्या मराठीत तोंडच न उघडणारी. पहिल्या चाचणीनंतर तिच्या वडिलांना मी तोंडावर सांगितलं होतं, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही."

हो. मीच.

तर प्रयोग असा: दगड आणि खडू एकदम सोडले तर आधी काय पडेल?
बोलकी पोरं एका सुरात ओरडली, "दोन्ही एकाच वेळी!" पुस्तकातलं पाठच होतं.
अजय बाकावर चढला आणि त्यानं दोन्ही सोडले. रिंकीनं स्लो-मोशनमध्ये शूट केलं.

दगड आधी पडला!

वर्ग गार. मी पण गार. घाईघाईत म्हणाले, "प्रयोग चुकला, पुस्तकातलं लिहून घ्या."

रिंकीनं व्हिडिओ मागे नेला. थोडा पुढे, परत मागे. एका जागी थांबवला आणि अजयच्या हातावर बोट ठेवलं.
दगड धरलेली मूठ आधी उघडली होती. एवढीशीच आधी. नुसत्या डोळ्याला दिसलीच नसती.
एक शब्द बोलली नाही ती.

सर नाचायचेच बाकी राहिले. "अरे, या पोरनी चोर पकडा! हाई विज्ञान शे, बाई!"

तरीही मी अडून बसले. "पण सर, हिला मराठी येत नाही."
"मन्ही बी मराठी शायमाच शिकेल शे. चौथीलगून मी बी मुकाच बठेल व्हतू. मंग मी काय ढ व्हतू का?"

माझ्याही घरी अहिराणीच, मीही मराठी शाळेतच शिकले. तरी मला हे कधी सुचलं नव्हतं. लाज वाटली.

दिवाळीची सुट्टी संपली. सगळी पोरं परत आली, रिंकी नाही आली.
वडिलांनी घरीच ठेवून घेतली. डोक्यात काही शिरत नाही, तर शाळा कशाला?
माझं वाक्य बोटीत बसून तिच्या घरी पोचलं होतं.

"तूच सांगेल व्हतं ना? मंग तूच जाय," सर म्हणाले. आणि स्वतःही आले.
टॅब प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या शर्टाच्या आत. सरांना पोहता येत नव्हतं. उतरेपर्यंत बोटीची कड सोडली नाही त्यांनी, आणि बडबडही थांबवली नाही.

अंगणात व्हिडिओ लावला. रिंकीनं वडिलांना पावरीत सगळं समजावलं. केवढं बोलत होती! मी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला.
वडिलांनी व्हिडिओ तीनदा बघितला. मग सावकाश मराठीत मला विचारलं,
"तिला कळतं. मग तुम्हाला कसं नाही कळलं, बाई?"

"माझं चुकलं," मी म्हणाले.

सोमवारी रिंकी वर्गात होती.
महिनाभरात सर गेले. हार्ट अटॅक. बुधवारी आम्ही जीपची वाट बघत होतो आणि फोन आला.

आणि आज! तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन!
रिंकी आता आठवीत. तिचा प्रोजेक्ट: शेवग्याचं बी गिरक्या घेत का पडतं. कल्पना तिची, व्हिडिओ तिचे, त्यात आवाज पावरीत, खाली मराठी ओळी.

परीक्षक म्हणाले, "मराठीत सांग."
ती अडखळत सांगत राहिली, पण थांबली नाही.
मग त्यांनी विचारलं, "बीला तीन पंख आहेत. त्यातला एकच काढला तर?"

हे आम्ही केलंच नव्हतं. मी मागून काहीतरी उत्तर पुटपुटणार होते, जीभ चावली.

"माहीत नाही," रिंकी म्हणाली. मराठीत. मोठ्यानं. मान वर करून.
"थांबा, सर. बघू."

नखानं पंख तोडला, टेबलावर चढली, बी सोडलं.
परीक्षक चक्क फरशीवर उकिडवे बसले, बी कसं पडतं ते बघायला. "परत सोड," म्हणाले. आणि परत. चार वेळा! मागे रांग लागली, कुणी हलेना.

नंबर आला का, ते उद्या कळेल. मला घाई नाही.
व्हिडिओ तिच्या वडिलांना पाठवलाय. रेंजमध्ये आले की बघतील.

सर, रोज तुमची आठवण येते, पण आज तुम्ही हवेच होतात.
तुमच्या बाईचा मनापासून नमस्कार.