नीतूने दिलेली एक मंजुरी

राजनांदगाव मागे पडलं तोवर ऊन चढलं होतं. नवरात्रात डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला पायी जाणाऱ्यांची रांग पुढेही दिसत होती, मागेही. रस्त्याकडेच्या, यात्रेकरूंना फुकट चहापाणी देणाऱ्या सेवा पंडालात नीतू चहाचा कप हातात धरून नुसती बसून राहिली.

“पाय दुखून राहिले का?” मी विचारलं.

“पाय ठीक आहेत, काकू. डोकं ठीक नाही.”

नीतू म्हणजे सेक्टर सहामधल्या आमच्या शेजारच्या देवरावांची मुलगी. घरूनच कम्प्युटरची नोकरी करते, आणि त्यापलीकडे एक बिनपगारी काम. माहिती कशी मांडायची, तिच्यात काय असलंच पाहिजे, हे मशीनला सांगायची एक ठरलेली भाषा आहे. तिचे नियम इंग्रजीत आहेत आणि देशोदेशीचे लोक त्यात दुरुस्त्या सुचवतात. अर्थ बदलत असेल तर दुरुस्ती सगळ्यांपुढे जाते. नुसती व्याकरणाची असेल, तर नीतू एकटी मंजूर करते. देवराव चिडवतात, “आमची पोरगी दिवसभर कॉमे झाडते.” पण पाहुणा आला की पहिले तेच सांगतात.

तिला हे काम करताना मी पाहिलं आहे. आधीची ओळ वाचते, नंतरची वाचते, ओठ हलत असतात. मी पोथी वाचते तशीच.

“झालं काय पण?”

“असं समजा, दोन वाक्यं होती. एक, तारीख लिहिलीच पाहिजे. दुसरं, वेळ वाटली तर लिहा. एकानं दोन्ही जोडून पाठवली, ‘तारीख आणि वेळ वाटली तर लिहा.’ वाचायला इतकं सरळ वाटलं, की मी भाषाच पाहिली. पास करून टाकलं, अन् तारखेची सक्तीच गेली. आता कोणी तारखेशिवाय माहिती पाठवीन, अन् समोरची मशीन ते घेणार नाही.”

“कोणी पकडलं?”

“कोणीच नाही. किसी को पता भी नहीं. मलेच परवा दिसलं.”

“मग गुपचूप नीट करून टाक ना.”

“अर्थाचं आहे, काकू. एकटीनं नाही करता येत. सगळ्यांना लिहावं लागीन, मंजुरी मी दिली, चूक माझी. मग हे काम काढून घेतील बहुतेक.”

ती चहाकडे बघत होती. पगार नाही, पाटी नाही, तरी या एका कामानं तिची मान ताठ असते, हे मला माहीत होतं. मी सांत्वन करायला गेले.

“आई बमलेश्वरीपाशी मागते मी. तुझं काम राहू दे म्हणून.”

“ते नका मागू.” ती जरा हसली, मग एकदम गंभीर झाली. “मी परवापासून ते सगळ्यांना लिहायचं टाळून राहिली. घरी गेली की पुन्हा टाळीन. दर्शन झालं की येताना ट्रेनमधी मी झोपायचं नाटक करीन. तुमी मले झोपू नका देऊ, काकू. आपलं दुर्ग स्टेशन यायच्या आधी तुमच्यासमोर ते लिहवून घ्या.”