उस्तादाची झोप

मेहकरला बस चुकली, म्हणून एका ट्रकमध्ये बसलो. स्टिअरिंगवर नवशिका ड्रायव्हर. त्याचा धिप्पाड उस्ताद पलीकडे डोळे मिटून बसलेला, पायानं मात्र नसलेला ब्रेक दाबत होता.

"याले शिकवत नाही का?" मी विचारलं.

"शिकवूनच तं राह्यलो," डोळे न उघडताच तो म्हणाला. "मले खरी झोप लागली, की हा पास. पण लागतच नाही!"

सुलतानपूर मागे पडलं, तसा त्याचा पाय सैलावला. दुसरबीडच्या अलीकडे तो चक्क घोरू लागला. नवशिक्याचा चेहरा फुलला. आनंदाच्या भरात त्यानं लांबलचक हॉर्न वाजवला.

उस्ताद दचकून उठला. रस्ता रिकामा होता.

"हॉर्न काऊन वाजवला बे?"

"तुम्ही झोपले म्हणून!"

उस्तादानं पाय पुन्हा नसलेल्या ब्रेकवर ठेवला.