नऊ जूनचा सहा सप्टेंबर

१४ जुलै २००४, बुधवार. अर्जाची फी तीनशे रुपये. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी इंटरनेटचं दुकान चालवणाऱ्या बाई. त्यांना सगळे वहिनी म्हणत. अर्ज नर्सिंगच्या प्रवेशाचा होता आणि तो संगणकावरच भरायचा होता.

मी तारखा वाचून दाखवत होतो, वहिनी टाइप करत होत्या. जन्मतारीख ०९/०६/१९८७. चौकटीने ती मुकाट्याने घेतली. मग शाळा सोडल्याच्या दाखल्याची तारीख, २५/०६/२००४. तिच्याखाली लाल अक्षरं आली.

"काका, पंचविसावा महिना नसतो म्हणतोय हा," वहिनी म्हणाल्या. "ह्याला आधी महिना हवाय."

"बाबांपेक्षा बरा आहे," मुलगी म्हणाली. "बाबा तीनदा तपासतात, हा एकदाच."

वहिनींनी ती तारीख फिरवून लिहिली, लाल अक्षरं गेली. वरची तारीख कोणीच पुन्हा पाहिली नाही. तिच्याबद्दल यंत्राची तक्रार नव्हती.

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांच्या पेट्यांच्या नोंदी ठेवतो. तारखा जुळवणं हेच माझं काम. पण त्या दुपारी घरी येऊन छापील प्रत वाचायला घेतली तेव्हा चूक दिसली. तिथे महिना अक्षरांत होता: ६ सप्टेंबर १९८७. प्रवेशाची अट ३१ जुलैला सतरा वर्षं पूर्ण असावीत अशी. कागदावर माझी मुलगी सोळाची होती, आणि मुदत दुसऱ्या दिवशी पाच वाजता संपत होती.

दुकानात धावलो. वहिनींनी अर्ज उघडला. "आता हा हातच लावू देत नाही, काका. प्रवेश केंद्रावर जा. दाखला दाखवला की करतील दुरुस्त."

शाळेचा दाखला दाखवला की जन्माचाही मागतील, याचीच मला भीती होती. नऊ जून ही तारीख खरी नव्हतीच. मुलगी ऑगस्टच्या एकवीस तारखेची. पहिलीत घालताना पाच पूर्ण लागत होती आणि दोन-अडीच महिने कमी पडत होते. गुरुजी म्हणाले, "वर्ष कशाला वाया घालवता? जून लिहू." तेव्हा घरोघरी असंच चालायचं. मी मान हलवली. खऱ्या तारखेचा नगरपालिकेचा जन्मदाखला कपाटात होता. त्याप्रमाणेही ३१ जुलैला तिची सतरा भरत नव्हती.

गुरुवारी आम्ही दोघं त्र्यंबक रोडवरच्या केंद्रावर गेलो. जन्मदाखला मी घरीच ठेवला होता. रांगेत माझे तळहात ओले होते. शाळेच्या दाखल्याला डाग पडू नये म्हणून तो मुलीकडे दिला.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले.

"तीन महिन्यांनी मोठी करायची मुलीला?"

"मोठी नाही, मॅडम. दिवस आणि महिना उलटे पडलेत. यंत्राने आधी महिना धरला."

"सगळे यंत्रावरच ढकलतात. नगरपालिकेचा दाखला?"

"शाळेचा आणलाय."

"तो दिसतोय मला. दुसरा विचारते." त्यांनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. "वाढदिवस कधी गं तुझा?"

आमच्या घरी दर ऑगस्टला तिच्यासाठी शिरा होतो. काय सांगायचं ते मी तिला शिकवलं नव्हतं. शिकवायची लाज वाटली होती. मी खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो.

"नऊ जून," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

बाईंनी सहा खोडून नऊ आणि सप्टेंबर खोडून जून केलं, शेजारी सही केली, शिक्का मारला. "संगणकात संध्याकाळपर्यंत बदलेल. जा."

पायऱ्या उतरताना मुलगी म्हणाली, "बाबा, नर्स झाले तर औषधाच्या वेळा तरी खऱ्या लिहीन हं."

प्रवेशाच्या यादीत तिचं नाव लागलं, तरीही कागद तपासायला बोलावतील या धास्तीत मी पूर्ण वर्ष काढलं.

त्या दिवशी दुरुस्तीचे पन्नास रुपये खिडकीतल्या त्या बाईंकडेच भरले आणि पावती घेतली.