रोह्याच्या वाटेवरचा पिवळा दिवा

"आपला हात जगन्नाथ," असं म्हणून काका बाह्या सरसावत आणि गाडीचं बोनेट उघडत. तुमच्याही आळीत असा एखादा असेल. गॅरेजवाल्यावर त्याचा काडीचा विश्वास नसतो, आणि काम संपल्यावर एखादा स्क्रू उरला तर म्हणतो, "कंपनीनं जास्तीचा दिला होता."

पेणला ते आमचे शेजारी. आयुष्य गणपतीच्या कारखान्यात गेलं, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करण्यात. गाडी घेतली ती काकूंसाठी. त्यांचं डायलिसिस रोह्याला असे, आठवड्यातून तीनदा, सकाळी नऊची पाळी. वेळ चुकली की मशीन दुसऱ्याला. माझी नोकरीही रोह्याचीच, म्हणून त्या तिन्ही दिवशी मीही गाडीत बसे.

त्या सोमवारी नागोठणं ओलांडलं आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आदल्याच दिवशी काकांनी गाडीची सर्व्हिसिंग स्वतः केली होती. ऑइल, प्लग, एअर फिल्टर, सगळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आरशातून मागे काकूंकडे. आणि स्टिअरिंगवरचा हात हळूच असा सरकवला की काकूंना दिवा दिसू नये.

"सेन्सरची खोड असते," ते पुटपुटले. "काय होत नाय."

खांबच्या अलीकडे गाडी ओढेना. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तरी ती रखडत होती आणि मागून कंटेनरवाले भोंगे वाजवत होते. काकूंच्या अंगात शुक्रवारपासूनचं पाणी साचलेलं, पाय सुजलेले, बोलताना मध्येच धाप लागायची. मी सारखा घड्याळ बघत होतो. खरं सांगतो, मला काकांचा रागही आला होता. ज्या गाडीवर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिच्यावर हौस कसली भागवायची?

गाडी कडेला घेऊन त्यांनी बोनेट उघडलं. केसाएवढी रेघ सहज ओढणारी बोटं आता दिसेल ते चाचपत होती. प्लगच्या वायरी दाबून झाल्या, ऑइलची काडी दोनदा पुसून झाली.

"माझ्याच हातानं झालं रे," ते मला म्हणाले. "तू हिला घेऊन रिक्षानं पुढं हो."

मी हात दाखवत राहिलो. एकही रिक्षा थांबली नाही.

तेवढ्यात काकूंनी काच खाली केली. पूर्वी त्याही कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जात.

"अहो, काल फिल्टर कुठं बदललात?"

"कारखान्याच्या आवारात. का गो?"

"मग तिथली धूळ आत जाऊ नये म्हणून पाइपाला फडकं लावलं असंल. रंग मारताना मूर्तीचं तोंड झाकता तसं. ते काढलंत का?"

काकांनी घाईघाईने फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, पाइपात बोटं घातली आणि आत ओढलं गेलेलं फडकं बाहेर काढलं. त्याला सोनेरी रंगाचे डाग होते.

गाडी चांगली पळू लागली, दिवा मात्र तसाच. कोलाड येईपर्यंत काकांनी तो शंभर वेळा तरी पाहिला असेल.

"अजून हाय गो."

"असू दे. तुम्ही रस्त्याकडं बघा."

आम्ही पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. दुसऱ्या पेशंटला आत घ्यायची तयारी चालली होती. काका सिस्टरपुढे हात जोडून उभे राहिले, हाताचं ऑइलही पुसलं नव्हतं. सिस्टरने काकूंच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांनाच आधी आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो आणि कामावर उशीर होईल असा फोन केला.

दिवा चार दिवसांनी आपोआप विझला. काकू त्यानंतर दीड वर्ष होत्या.

परवा पेणच्या एका गॅरेजसमोर ती गाडी दिसली. मेकॅनिक बोनेटमध्ये डोकं घालून काम करत होता आणि काका त्याच्याकडे पाठ करून बाकड्यावर बसले होते.

"काका, तुम्ही आणि गॅरेजात?" मी थट्टेने विचारलं.

"मागं ही बसायची तोवर गाडीला दुसऱ्याचा हात लागू दिला नाय. आता कुणीबी खोलली तरी चालतंय," ते म्हणाले.