आधी तोंड उघड

गोळी तोंडात टाकताना आजही मला राहुरीचे आमचे म्हातारे डॉक्टर आठवतात. ताप असो की पायात काटा, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी तोंड उघड." मग, "गोळी कुठली खाल्ली?" लोक हसायचे.

मुळेचं धरण नुकतंच भरू लागलं होतं तेव्हाची गोष्ट. सल्फाच्या गोळ्या घेतल्यावर काकूच्या अंगभर फोड आले. आजी म्हणाली, "देवी आल्यात. लिंबाचा पाला आना." तरीही काकांनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांच्या घरी सत्यनारायण असल्यानं ते सोवळ्यातच आले. काकूचं तोंड आतून सोललं होतं, डोळे लालभडक.

"आजी, ही देवी नाही, औषध उलटलंय. आता एकही गोळी द्यायची नाही."

फुटलेल्या फोडांनी पाठ चादरीला चिकटत होती. डॉक्टर घरी गेले आणि पूजेच्या चौरंगाला बांधलेल्या केळीची पानंच काढून घेऊन आले. भटजी मागून ओरडत होते. "देवाला थांबता येतं," एवढंच ते म्हणाले. पानं धुऊन, तेल लावून त्यांवर काकूला निजवलं आणि जीपमधून स्वतः नगरच्या दवाखान्यात नेलं.

काकू वाचली. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या पूजेला केळीचे खुंट तीच घेऊन गेली. डॉक्टर दारातच म्हणाले, "आधी तोंड उघड."

काकू इतकी हसत होती, की ते उघडंच होतं.