खुर्चीतून उठून दाखवा

अंबरनाथच्या कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि घरी बसून बायकोला स्वयंपाकातल्या सुधारणा सुचवायला लागलो. तिनेच मला ओळखीतून सर्वेक्षणाचं काम मिळवून दिलं. उल्हासनगर ते बदलापूर घरोघरी जायचं आणि बायका-पुरुषांच्या, तरुण-म्हाताऱ्यांच्या तब्येतीत किती तफावत आहे ते मोजायचं. प्रत्येकाला वेगळं विचारा, असं बजावलेलं होतं. मी विचारायचो. फक्त बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडून घ्यायचो, कारण ती ओट्यापाशी असायची आणि तो समोर. थोड्याच दिवसांत माझ्या हिशेबाने आमच्या भागातले पुरुष मरायला टेकले होते आणि बायका ठणठणीत होत्या. मला तर शोध लागल्यासारखं वाटत होतं. साहेबांना फोन करून सांगितलंही. ते नुसते "हं" म्हणाले.

साठीपुढच्यांसाठी एक चाचणी असायची. हात छातीशी बांधायचे आणि खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. विठ्ठलवाडीला, डेपोमागच्या चाळीत, पहिल्या माळ्यावरच्या एका काकांनी ती अशा झोकात केली की गॅलरीतून टाळ्या पडल्या. घरात खुर्ची एकच होती, हातांची, प्लास्टिकची. ती काकांची. त्यांचं झाल्यावर मी त्यांच्या बायकोला, मावशींना, हाक मारली.

"तिचं काय मोजताय?" काका म्हणाले. "दिवसभर उठबसच चाललेली असते तिची. घोड्यासारखी आहे."

मावशी चहा गाळत होत्या. आपण खुर्चीत कधी बसत नाही, आपल्याला ते जमायचं नाही, असं त्या आतूनच म्हणाल्या. मी म्हटलं, एवढं सोपं आहे, बघा की, आणि दाखवायला बसलो.

एकदा उठलो. दुसऱ्यांदा अर्धा उठलो आणि कंबरेत उसण भरली. धपकन खाली आलो तो पुढे वाकलेलाच, नाक गुडघ्यांकडे. सरळ होता येईना, मागे टेकता येईना. गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "अंकल, अभी तीन बाकी है."

त्या खुर्चीत माझी अख्खी दुपार गेली. काका आपल्या जागेवरून बेदखल झाल्यासारखे दारात घुटमळत होते. घर मात्र माझ्या दिमतीला लागलं. बाम आला, तेल आलं, शेकायची पिशवी आली. हे सगळं आणणारे पाय एकाच माणसाचे होते. मान वर होत नसल्यामुळे मला फरशी आणि मावशींची पावलं एवढंच दिसत होतं.

पावलं सुजलेली होती. जोडवी मांसात रुतून बसली होती, काढायची म्हटली तर कापावी लागली असती. पिशवीतलं पाणी बदलायला त्या आत जायच्या, येताना दाराशी थांबायच्या, आणि मला श्वास ऐकू यायचा. एकदा नळाचं पाणी आलं म्हणून कळशी घेऊन खाली गेल्या. वर आल्यावर ती पावलं उंबऱ्याशीच कितीतरी वेळ उभी राहिली.

"मावशी, दम लागतो का हो?" मी फरशीलाच विचारलं.

"जिन्याचा लागतो. रात्री आडवं झालं की जास्त. तुम्ही नका बोलू भाऊ, कळ येईल."

काकांना हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, मला कधी बोलली नाही. मावशी म्हणाल्या, तुम्ही झोपलेले असता.

दवाखान्यात चला म्हटलं तर त्यांनी उडवूनच लावलं. आधी दुखतंय त्या माणसाला न्या म्हणाल्या. शेजारी रिक्षा घेऊन आले. दोघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखा जिन्याने खाली आणला. रिक्षात कोंबताना मला सुचलं. मी मोठ्याने कण्हलो आणि म्हटलं, पिशवी धरायला कोणी नसेल तर मी वाटेतच जाणार. काका पुढे झाले. मावशींनी त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली. "तुम्हाला नाही जमायचं," म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

सरकारी दवाखान्यात मला इंजेक्शन दिलं आणि काही वेळाने कंबर सुटली. पण जरा मान वर केली की मावशी म्हणायच्या, "उतार पडला ना? मग निघू. डाळ भिजत घातलीय." की मी पुन्हा वाकायचो. बरा झालेला माणूस बाकावर दुमडून बसलाय आणि पिशवी कधीच गार झालीय, तरी त्या ती माझ्या कंबरेला लावून बसल्यात. जाणारे-येणारे हळहळत होते. लघवीला जावंसं वाटत होतं, पण वाकून चालत जायची हिंमत होईना. मघाशी निदान खरं दुखत होतं.

शेवटी डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या. मी वाकल्या वाकल्याच त्यांना शेजारची पावलं दाखवली. त्यांनी खाली बसून घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. मग त्यांनी नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "मावशी, आज घरी जायचं नाही. हृदयाचं बघावं लागेल."

तेव्हा मी सरळ झालो. मावशींनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"लबाड आहात," म्हणाल्या. मग पिशवी माझ्या हातात दिली. "ही घरी द्या. आणि त्यांना म्हणावं, डाळ उपसून ठेवा, नाहीतर आंबेल."

चाळीत पोचलो तेव्हा काका खुर्चीत बसले होते. मी दोन्ही निरोप सांगितले, आधी दवाखान्याचा, मग डाळीचा.

"कशात भिजवलीय?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत असणार. ते उठायला लागले. या वेळी त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, आणि तरी पहिल्यांदा उठता आलं नाही.