सुट्टीच्या वारी चालणारं मशीन

लोटन गेल्याचं मला कोणी येऊन सांगितलं नाही. मशीन थांबलं, त्यावरून मी समजले. आमच्या सुरतच्या लिंबायतमध्ये आठवड्यातून एक वार कारखान्यांची वीज बंद असते. एरवी रात्रंदिवस खडखडणारे माग त्या दिवशी गप्प होतात आणि गल्लीत अशी शांतता पसरते की शिट्टी कोणाच्या कुकरची तेही ओळखू येतं. त्या दुपारी मी शाळेच्या वह्या तपासत होते. पलीकडे शेजारच्या सुमनच्या घरात शिवणाचं पायमशीन चालू होतं, दर सुट्टीच्या वारी चालायचं तसं. मध्येच ते थांबलं. मी पेन हातात धरून बसले. दोरा तुटला असेल, असं दुसऱ्या कोणाला वाटलं असतं. पण त्या मशीनमध्ये दोरा घातलेला नसायचाच. मी चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि गेले. सुमन मशीनपुढेच बसली होती, मान मागे वळवून. मागे चटईवर लोटन झोपल्यासारखा पडला होता. ती म्हणाली, "बाई, कधी गेला ते मला कळलंच नाही. मी चालवतच होते..."

या पुरवणीच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी लोटनला पाहिलेलं असेल, नाव माहीत नसलं तरी. गेल्या काही वर्षांत अहिराणीत व्हिडिओ कॅसेटवर निघालेल्या तीन सिनेमांतला तो उंच, वाकून चालणारा, लांब तोंडाचा माणूस. दिवसा झोपून रात्रपाळीत माग चालवणारा कामगार. आणि हे सिनेमे काढणारी सुमन. नवरा गेल्यावर त्याचं कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान तिने चालवायला घेतलं, मागच्या खोलीत साड्यांना लेस लावायचं काम सुरू केलं. दुकानात येणारी पोरं विचारायची, "ताई, आपली बोलीमा काही शे का?" काहीच नव्हतं. म्हणून तिने स्वतःच काढायचं ठरवलं. लग्नाचं शूटिंग करणारा रमेश कॅमेरा घेऊन आला, आणि मी शेजारीण, वर शाळेतली मास्तरीण, म्हणून व्यवस्था माझ्याकडे आली.

व्यवस्था म्हणजे याद्या. शूटिंग फक्त सुट्टीच्या वारी व्हायचं, कारण बाकीच्या दिवशी मागांच्या आवाजात माणसाचं बोलणं कॅमेऱ्यात येत नाही. दिवस एकच, म्हणून आदल्या संध्याकाळी मी दुकानाच्या दारावर कागद चिकटवायचे. लुगडं कोण आणणार, चहा कोण करणार, बकरी कोणाची. सगळ्यात वर लिहिलेलं असायचं, 'लोटनला आणणे'. हे काम कठीण होतं. सुट्टीचा वार उजाडला की तो हाती लागायचा नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, पण दारूची पोटली कुठे मिळते हे लिंबायतमध्ये कोणाला शिकवावं लागत नाही. रमेश दोनदा हात हलवत परत आला. मग त्या कामापुढे मी सुमनचं नाव लिहिलं, कारण तिच्याबरोबर तो यायचा. वाटेत भांडत यायचा, पण यायचा. "शेठानी, तुले दुसरा कोनी भेटना नही का?" तो विचारायचा. ती म्हणायची, "भेटले ना. पण त्यांना आणायला जावं लागत नाही, म्हणून मजा येत नाही." कॅमेरा सुरू झाला की हा माणूस बदलायचा. नुसता भाकरी मोडायला बसला तरी रमेशचा हात हसून हलायचा.

शांत दिवशीच तो का पितो, हे आम्हाला प्लेगच्या साली कळलं. सगळं सुरत गाव सोडून पळत होतं. मी मुलांना घेऊन अमळनेरला माहेरी गेले. खाती, म्हणजे आमच्याकडचे मागांचे कारखाने, एकजात बंद पडली. सुमन दुकान सोडून गेली नाही. लोटनला जायला गाव होतं, तरी तोही गेला नाही. पुढचं मला तिनेच सांगितलं. एका सकाळी तो दुकानाचं शटर बडवायला लागला. लाव कोणतीही कॅसेट, म्हणाला, आवाज मोठा कर. डोळे तारवटलेले, तोंडाला दारूचा वास नाही. हा माणूस लहानपणी सुरतला आला तो थेट खात्यावरच्या खोलीत राहिला. खाली माग, वर त्याची चटई. त्या आवाजावाचून झोप त्याला माहीतच नव्हती. आणि शांत झालं की त्याला कोणीतरी हाक मारतं, असं तो तिला म्हणाला. कोण, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. कॅसेटने काही होईना. शेवटी सुमनने मशीनमधला दोरा काढला, कापड बाजूला केलं आणि नुसतंच पायाने चालवायला लागली. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर तो जमिनीवरच झोपला होता. दुपार सरेपर्यंत तिने पाय थांबवला नाही.

मी परत आले, माग सुरू झाले, शूटिंगही सुरू झालं. दुसऱ्या सिनेमाच्या मध्यावर कधीतरी माझ्या कागदावरून 'लोटनला आणणे' हे काम गळलं. गरज उरली नव्हती. आम्ही सकाळी पोहोचायचो तेव्हा तो सुमनच्या ओट्यावर दात घासत असायचा. मी काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. फक्त चहाचा एक कप वाढवून लिहायला सांगितलं.

गल्लीने मात्र विचारलं. बमरोलीहून तिचे दीर आले. दुकानात बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, सिनेमा काढा, कोण नाही म्हणतं? पण हिरो घरी ठेवायचा नसतो."

सुमन कॅसेट गुंडाळत होती. म्हणाली, "भावजी, कॅमेरा भाड्याचा आहे, तो संध्याकाळी रमेश घेऊन जातो. ह्याला कोण घेऊन जाणार?"

"त्याचं गाव आहे, आई आहे."

"गाव शांत आहे," ती म्हणाली. दिरांना अर्थातच कळलं नाही. मला कळलं.

लग्न करा, असं मी दोघांना एकदा सरळ सांगितलं. माझा स्वभाव तसा आहे, लोंबकळतं काही ठेवायला आवडत नाही. लोटन हसला. "मास्तरीणबाई, वरातमा बेंडवाला बंद व्हयना की मी पळी जासू." सुमन हसली नाही. तिला तो जिवंत हवा होता, एवढंच. नवरा असणं नसणं तिच्या हिशेबात फार खाली होतं. पोटल्या कमी झाल्या होत्या, सुटल्या नव्हत्या. डॉक्टरांनी लिव्हरचं नाव काढलं होतं. सुट्टीच्या वारी तिच्यापुढे दर वेळी एकच पेच असायचा. सिनेमाला शांतता हवी, आणि शांततेत तो तिच्या हातातून जायचा.

तिसऱ्या सिनेमात तिने तो पेच सोडवायचा ठरवला. शेवटी एक लांब प्रसंग होता, गावी परतलेला कामगार बायकोशी मनातलं बोलतो तो. सुमन म्हणाली, हा चालू दिवशी घ्यायचा, माग खडखडू देत, आवाज नंतर वेगळा भरू. तो प्रसंग लोटनने असा केला की रमेशने कॅमेरा बंद केल्यावरही कोणी हललं नाही. मग आवाज भरायला आम्ही शहरातल्या एका रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, जाड दार. दार लागलं, आणि जरा वेळाने आतून थापा ऐकू आल्या. तो घामाने निथळत बाहेर आला. "माले आठे मारी टाकशी का?" एवढंच सुमनला म्हणाला आणि जिना उतरून गेला. चार दिवस दिसला नाही. दुसऱ्याचा आवाज घालायला सुमन तयार होईना. आम्ही सगळ्यांनी दुकानात बसून तो प्रसंग होता तसा पाहिला. चांगला वाटला. शब्द न् शब्द कळत होता. मग तसाच ठेवला.

लिंबायतमधल्या व्हिडिओ हॉलमध्ये बाप्ये रडले. तक्रार एकही नाही. मग खानदेशातून कॅसेटचे खोके परत यायला लागले. चिठ्ठ्या सगळ्या एकच, 'आवाज खराब, घरघर येते'. आम्ही कॅसेट लावून पाहिली, कुठे घरघर? रमेश म्हणाला, त्यांची यंत्रं भंगार असतील. पुढच्या सुट्टीच्या वारी सुमनने पुन्हा लावली, आणि तेव्हा आम्हाला ऐकू आलं. लोटनच्या बोलण्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत माग चालले होते. आम्ही तो सिनेमा मागांच्या शेजारी बसून पास केला होता. पाहणारेही मागांवरचेच. त्या आवाजाला कान देणं आम्ही सगळ्यांनी केव्हाच सोडलं होतं. गावाकडच्या माणसांना मात्र बोलणं ऐकूच येत नव्हतं.

लोटन सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. तो हसला. "शेठानी, यामा मी कमी न् खातंच जास्त शे." आम्हीही हसलो. सुमन त्याच्याकडे बघत होती, ती तेवढी हसली नाही. त्या संध्याकाळी तो गेला तो शुद्धीत परतला नाही. आणला तेव्हा तिला एकच सांगत होता, "मी तुनं नुकसान करं, माले सोडी दे." ती म्हणाली, "सिनेमा गेला तर जाऊ दे. तू जेव." त्यानंतर तिने सिनेमाचं नाव काढलं नाही. दुकान, लेस आणि लोटन.

या उन्हाळ्यात डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. दवाखान्यात तो भ्रमात ओरडायचा, म्हणून त्याला टोकाच्या एकट्या खोलीत ठेवलं. तिथे पंखासुद्धा आवाज करत नव्हता. सुमनने मला विचारलं, "बाई, मशीन इथे आणू देतील का?" मी चौकशी केली. नाही म्हणाले. तो डोळा मिटेना. आता फार काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं तेव्हा तिने सही केली आणि त्याला घरी आणलं. घरी तो झोपला. चालू दिवशी मागांच्या आवाजात, आणि सुट्टीच्या वारी मशीनच्या... शेवटचा वार सुट्टीचाच आला.

गावाहून त्याची आई आणि भाऊ आले. सगळं त्यांनी हातात घेतलं, ते बरोबरच होतं. बायका आईभोवती बसल्या. सुमन दाराशी, चपलांजवळ. तिला कोणी धरलं नाही, कारण काय म्हणून धरायचं ते कोणाला माहीत नव्हतं. भावाने हळूच विचारलं, "ह्या बाई कोण?" कोणीतरी म्हणालं, "त्याची शेठानी." सुमनने मान हलवली. भावाने तिला हात जोडले आणि म्हणाला, "फार काम दिलं तुम्ही त्याला."

काही आठवडे झाले. मी माझ्या पद्धतीने तिच्यासाठी कामं ठरवून दिली होती. सकाळी शटर उघडायचं, दुपारी माझ्याकडे जेवायचं. ती ऐकायची, करायची. परवा सुट्टीचा वार होता. माग थांबले आणि गल्लीत मशीन सुरू झालं. मी ताट झाकून घेऊन गेले. रिकामी सुई वरखाली होत होती, खाली कापड नाही. मागे चटई तशीच अंथरलेली. सुमनचे पाय सुजले होते, डोळ्यांखाली काळं. झोपलीस कधी, विचारलं तर सांगता येईना.

"बंद कर ते," मी म्हणाले. "जेव आधी."

"थांबवता येत नाही, बाई. मागच्या वेळी थांबवलं आणि वळून पाहिलं..."

मी ताट कट्ट्यावर ठेवलं. एरवी मला अशा वेळी पुढचं काम सुचतं. काही सुचेना. मग म्हणाले, "ऊठ. मी चालवते. तू आडवी हो."

ती एक पाय पायट्यावर ठेवूनच उठली, मी माझा पाय ठेवल्यावर तिने तिचा काढला. आवाज तुटला नाही. ती चटईवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. "थांबू नका हं, बाई," एवढं म्हणाली. मला मशीनची सवय नाही, पोटऱ्या लवकर भरून आल्या. पण मी चालवत राहिले, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून बघत राहिले, तिची पाठ हलते आहे ना.